गोंदण : रूढी, सक्ती आणि हौस

‘गोंदण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जत्रेतील गोंदणारीण उभी राहते. हाती सुयांचा जुडगा, शेजारी काजळाची वाटी, आणि समोर ओठ दाबून कळ सोसणारी एखादी लहान मुलगी. असलीच एक जत्रा लंडनच्या जुन्या वखारीत भरलेली पाहण्याचा योग मला २०१८ च्या सप्टेंबरात आला.

गोंदणाऱ्या कलावंतांचे आंतरराष्ट्रीय संमेलन लंडनमध्ये २००५ साली सुरू झाले. मी पाहिले ते वॉपिंग भागातील टोबॅको डॉक या इमारतीत भरले होते. एके काळी येथे जहाजांतून उतरलेला तंबाखू साठवीत. या परिसरातील गोद्यांतूनच खलाशी दूरदेशी जात आणि दंडावर नांगर गोंदवून परतत. तेव्हा स्थळ मोठे समर्पक होते. ‘टॅटू’ हा शब्दही पॉलिनेशियन बेटांतला. कॅप्टन कुक १७६९ मध्ये ताहितीला पोहोचला, त्या सफरीनंतर तो इंग्रजीत रूढ झाला.

आत शिरताच यंत्रांची गुणगुण कानी आली. गोंदण्याच्या विजेच्या यंत्राचे पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ मध्ये घेतले. त्याचे मूळ एडिसनच्या विद्युत लेखणीत आहे. परंतु गर्दी खिळली होती ती बिनयंत्राच्या कारागिरांपाशी. एक पॉलिनेशियन कलावंत दातेरी हत्यारावर काठीने ठेका धरीत होता आणि दोन साहाय्यक कातडी ताणून बसले होते. पलीकडे जपानी पद्धतीचे हातकाम चालले होते. ज्या जपानात १८७२ पासून १९४८ पर्यंत या कलेला कायद्याने बंदी होती, तिथली ही कारागिरी आता लोक श्वास रोधून पाहत होते. रंगमंचावर आगीचे खेळ करणाऱ्या मुली ज्वाला फिरवीत होत्या. पण मला अधिक नवल वाटले ते प्रेक्षकांचे. मानेपर्यंत चित्रांकित झालेले ते धिप्पाड गृहस्थ वाट देताना किती अदबीने बाजूला होत होते!

हे पाहताना मनात एक विचार आला. आपल्या आजींच्या कपाळावरचे गोंदण रूढीने आले. मरणानंतर दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, अशी त्यांची श्रद्धा; पण सुई टोचण्यापूर्वी त्या मुलीची इच्छा सहसा कोणी विचारीत नसे. याहून कठोर गोष्ट सक्तीची. कंपनी सरकारच्या अमदानीत आपल्याच देशात कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवीत. ती शिक्षा १८४९ मध्ये रद्द झाली. आणि विसाव्या शतकात ऑश्विट्झच्या छळछावणीत माणसांच्या हातावर क्रमांक गोंदले गेले. सुई तीच, शाई तीच. मात्र एका ठिकाणी माणसाला अलंकार मिळाला, तर दुसऱ्या ठिकाणी त्याचे नावच हिरावले गेले.

म्हणून या संमेलनातील मोलाची गोष्ट मला चित्रांत दिसली नाही. प्रत्येक कलावंत सुई लावण्यापूर्वी समोरच्याला आराखडा दाखवी, त्याचा होकार घेई आणि मगच हात चालवी. आपली मुलेमुली आज हौसेने गोंदवू पाहतात. त्यांना नुसते रागावून भागणार नाही. ‘ही खूण जन्मभराची आहे, ती तुझ्या विचाराची आहे की मित्रांच्या आग्रहाची?’ एवढे त्यांना विचारावे, आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. ज्या आजीला कोणी विचारले नाही, तिच्या नातीला तरी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.