शांत जमिनीची जोखीम

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. धक्का मिरजेलाच नव्हे, तर मुंबई-गोव्यापर्यंत जाणवला. कोयना खोऱ्यात सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. दख्खनचे पठार तोवर निर्धास्त मानले जाई. म्हणून १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या अवघा ५ टक्के धरला होता. धरणातल्या यंत्रावर प्रत्यक्षात गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट धक्का नोंदला गेला. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपाने हजारो बळी घेतले. भूकंप-विभागांच्या नकाशावर किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होते. २००२ मध्ये तो विभागच रद्द झाला.

अशा शांत जमिनीवरच्या अणुवीज केंद्राचे भूकंप-मानक समजण्यासाठी दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. जमीन किती आणि कितीदा हलेल, हा धोका. त्या हलण्याने काय मोडेल आणि मोडण्याची शक्यता किती, ही जोखीम.

जुनी पद्धत जवळच्या ज्ञात भ्रंशावर मोठ्यात मोठा भूकंप कल्पून त्वरण ठरवते. भ्रंशच ठाऊक नसेल, तर तिचा पाया डळमळतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत दोन पातळ्या आहेत. शंभर वर्षांत सरासरी एकदा येणाऱ्या धक्क्यात केंद्र चालू राहू शकले पाहिजे. दहा हजार वर्षांत एकदा येणाऱ्या धक्क्यात अणुभट्टी सुखरूप बंद व्हावी, थंड राहावी आणि किरणोत्सार आत कोंडलेला राहावा. साठ वर्षांच्या आयुष्यात हा दुसरा धक्का बसण्याची शक्यता सुमारे ०.६ टक्के भरते.

ही धोक्याची मोजणी झाली. जोखमीच्या मोजणीत प्रत्येक तीव्रतेच्या धक्क्याची वारंवारता आणि त्या धक्क्याला पंप, नळ्या, भिंती निकामी होण्याची शक्यता यांचा गुणाकार करून बेरीज घेतात. मग शांत प्रदेशाचे खरे रूप दिसते. तिथे दहा हजार वर्षांचा धक्का सौम्य असतो, पण लाख वर्षांचा त्याच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. वारंवार हादरणाऱ्या प्रदेशात हा फरक बहुधा दीडपट-दुपटीच्या घरात राहतो. म्हणजे पुनरावृत्तीचा काळ दोन्हीकडे एकच धरला, तरी जोखीम एकसारखी होत नाही. अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या २००५ च्या मानकाने म्हणूनच लक्ष्य उलट्या बाजूने ठरवले: अणुकेंद्रातील महत्त्वाची रचना मर्यादेपलीकडे वाकण्याची शक्यता वर्षाला लाखात एक. लाख वर्षांच्या आणि दहा हजार वर्षांच्या धक्क्यांचे गुणोत्तर दोन असेल, तर आराखड्याचे त्वरण जवळपास दहा हजार वर्षांच्या धक्क्याएवढेच राहते. चार असेल, तर ते सुमारे ८० टक्क्यांनी वाढवावे लागते.

गुणाकारातली दुसरी संख्या, म्हणजे निकामी होण्याची शक्यताही तितकीच मोलाची. २००७ मध्ये जपानच्या काशिवाझाकी-कारिवा केंद्राला आराखड्याहून मोठा धक्का बसला. चालू अणुभट्ट्या सुखरूप बंद झाल्या. आग लागली ती बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरला. फुकुशिमात २०११ मध्ये त्सुनामीच्या पाण्याने आणीबाणीची वीज तोडली. भूकंपापाठोपाठ येणारी संकटेही बेरजेत धरावी लागतात.

जैतापूरला प्रत्येकी १,७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या योजल्या आहेत. २०११ मध्ये रॉजर बिलहॅम आणि विनोद गौर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये तिथल्या भूकंपशक्यतेचा प्रश्न मांडला. त्याचे उत्तर केवळ विभागाच्या क्रमांकात मिळत नाही. कऱ्हाडच्या संशोधन प्रयोगशाळेकडून होणारा कोयनेच्या खोल विंधनविवरांचा अभ्यास, किनारपट्टीवरील दीर्घकाळच्या नोंदी आणि यंत्रसामग्रीच्या कंपन-चाचण्या यांतून गुणाकाराच्या दोन्ही संख्या पक्क्या होतात. जिथे नोंदी थोड्या, तिथे अनिश्चितता मोठी; आणि अनिश्चितता मोठी, तिथे राखीव ताकदही मोठी ठेवावी लागते.