कण्वाश्रमाचे कर्तव्य



महाभारताच्या आदिपर्वात कण्वमुनींची कथा आहे. मालिनी नदीच्या तीरी, निर्जन अरण्यात, एक नवजात अर्भक पडलेले होते आणि पक्षी त्याच्याभोवती बसून श्वापदांपासून त्याचे रक्षण करीत होते. स्नानास गेलेल्या मुनींनी ते उचलले, आश्रमात आणले व आपली कन्या म्हणून वाढविले. शकुन्तांनी, म्हणजे पक्ष्यांनी, राखिली म्हणून ती शकुन्तला. जन्म देणारा, प्राण वाचविणारा आणि अन्न देणारा, असे पित्याचे तीन प्रकार ह्याच कथेत सांगितले आहेत. तेव्हा टाकलेल्या मुलास आश्रय देणे हा धर्म कोणी नव्याने शिकवावा असे नाही. मात्र मुलास आश्रय देणे निराळे आणि घर देणे निराळे, ह्याचा विचार फारसा होत नाही. आजच्या प्रसंगी तोच व्हावा.

इ. स. १८७५ मधील दोन घटना ह्या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. त्या वर्षी बडोद्यास महाराणी जमनाबाईंनी नाशिककडील कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. त्याच वर्षी पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर ह्या न्यायखात्यातील गृहस्थांनी बालहत्याप्रतिबंधक गृह उघडले. लोकलज्जेस्तव ज्या विधवांना आपले मूल टाकावे वा मारावे लागे, त्यांच्या मुलांसाठी ते होते. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ सालीच असे गृह काढले होते, आणि पुढे अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी आपला मुलगा म्हणून घेतला. बडोद्यास गादीला मूल हवे होते. पंढरपुरास मुलांना कोणीतरी हवे होते.

दत्तकाचा जुना विधी मुख्यतः पहिल्या गरजेसाठी होता. वंश चालावा, पिंडोदक मिळावे, संस्थान खालसा होऊ नये, हा त्याचा हेतू. मूल देण्याचा अधिकार मातापित्यांनाच असे. ह्यातून एक विपरीत गोष्ट निष्पन्न झाली: ज्याला देणारे मातापिताच उरले नाहीत, ते अनाथ बालक शास्त्रीय दत्तकविधीस अपात्र ठरले! वस्तुतः मनुस्मृतीने पुत्रांचे जे बारा प्रकार सांगितले, त्यांत ‘अपविद्ध’ म्हणजे मातापित्यांनी टाकलेला व दुसऱ्याने स्वीकारलेला पुत्रही आहे, आणि त्याची गणना दायाद अशा पहिल्या सहांत केली आहे. परंतु उत्तरकालीन निबंधकारांनी कलियुगात औरस व दत्तक एवढेच पुत्र मानले, आणि अपविद्धाचे स्थान गेले. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने मुलगीही दत्तक घेता येईल असे स्पष्ट केले. १९६२ च्या दुरुस्तीने, ज्याचे मातापिता ज्ञात नाहीत असे मूलही न्यायालयाच्या अनुज्ञेने पालकास दत्तक देता येऊ लागले. जे मनूने मान्य केले होते, ते परत मिळावयास एवढा काळ लागला.

आता अनाथालयाकडे वळू. तेथे सेवा करणाऱ्यांविषयी आदर ठेवूनच बोलले पाहिजे. तरीही पाळीपाळीने येणाऱ्या दाया दहाबारा तान्ह्या मुलांना न्हाऊ-माखू घालतात, दूध पाजतात, आणि पाळी संपली की घरी जातात. मुलाला दूध मिळते. रडल्याबरोबर तोच ओळखीचा हात पाठीवर फिरेल, ही खात्री मिळत नाही. इंग्रज मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी ह्यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात हीच उणीव दाखविली होती. पुढे रुमानियात बुखारेस्ट येथे झालेल्या दीर्घ अभ्यासातही असे आढळले की, दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेली मुले संस्थेत राहिलेल्यांपेक्षा पुष्कळ बाबतींत पुढे गेली.

सणावारी पेढे घेऊन जाणाऱ्या भाविकाच्या गळ्यात एखादे मूल ओळख नसताना धावत येऊन पडते. भाविकाचे मन भरून येते. परंतु जे मूल कोणाच्याही गळ्यात पडते, त्याला पुष्कळदा आपले असे कोणी नसते, हे त्याने जाणले पाहिजे. अन्नदान थोर खरेच. पण त्या मुलाची भूक पंगतीने भागणारी नाही.

मग घर कोठे शोधावे? क्रम स्पष्ट आहे. आधी जन्मदात्यांकडे, दारिद्र्यामुळे मूल सोडू पाहणाऱ्या मातेस साह्य मिळाले तर पुष्कळदा मूल सोडावेच लागत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही मूल सोपविणाऱ्या मातापित्यांना फेरविचारास दोन महिने दिले आहेत. ते न जमल्यास स्वदेशातील कुटुंब, आणि तेही न मिळाल्यास परदेशातील. वकील लक्ष्मीकांत पांडे ह्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती ह्यांनी १९८४ साली हेच तत्त्व घालून दिले. १९९३ चा हेग येथील करार त्याच दिशेचा असून भारताने तो २००३ साली स्वीकारला.

परदेशाच्या नावाने भय वाटते, आणि ते निराधार नाही. तेलंगणातील लमाण तांड्यांतून मध्यस्थांनी अल्प पैशांत तान्ह्या मुली घेऊन दत्तकासाठी पाठविल्याचे १९९९ व २००१ साली उघड झाले. कोरियातील युद्धानंतर हजारो मुले परदेशी गेली. त्यांपैकी कित्येकांची कागदपत्रे खोटी होती, असे तेथील सत्यशोधन आयोगाने २०२५ साली सांगितले. कालिदासाच्या शकुन्तलेची अंगठी पाण्यात पडली आणि ती कोण हे सिद्ध होईना. ज्या मुलाच्या जन्माची नोंदच खोटी, त्याची अंगठी तर मुद्दाम बुडविली गेली. त्याने मोठेपणी आपली आई कोठे शोधावी?

त्याच नाटकात आणखी एक गोष्ट आहे. कण्वांनी मुलीला एकटी पाठविली नाही; गौतमी व दोन शिष्य सोबत दिले. पण राजाने तिला नाकारले, तेव्हा ती मंडळी तिला तेथेच सोडून परत फिरली. आजच्या नियमांत दत्तकानंतर दोन वर्षे मुलाची विचारपूस करून अहवाल पाठवावयाचा आहे. त्यातील मर्म हेच की सोबत्याने दारातून परतू नये.

परंतु सर्वांत बोचणारी गोष्ट निराळीच आहे. इकडे दत्तकेच्छू दांपत्ये निरोगी तान्ह्या मुलासाठी वर्षानुवर्षे थांबतात. आणि ज्यांना येथे कोणी विचारीत नाही, अशी व्यंग असलेली अथवा वयाने वाढलेली मुले पुष्कळदा परदेशी कुटुंबे घेतात. मूल परमुलखात गेले म्हणून हळहळणाऱ्याने, त्याला आपल्या गल्लीत दार का उघडले नाही, हेही स्वतःस विचारावे.

कण्वांनी आश्रमाची शोभा म्हणून शकुन्तलेस ठेवून घेतले नाही. तिची पाठवणी करताना त्या वनवासी मुनीचाही कंठ दाटून आला. तरी त्यांनी तिला पाठविली. अनाथालयाचेही कर्तव्य तेच आहे. त्याने मूल जपावे, त्याची खरी नोंद जपावी, आणि योग्य घर मिळताच ते मूल हातचे राखू नये. आणि भक्तांचे कर्तव्य हे की, ते घर शक्यतो आपलेच असावे. अशी दारे उघडण्याची बुद्धी श्रीगुरूंनी सर्वांस द्यावी, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.