चाकामागची चकती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारीचा छंद असलेल्या तरुणांच्या गप्पांत स्पेसर हा शब्द बऱ्याचदा कानावर येतो. स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची चकती. ती जितकी जाड, तितकं चाक बाहेर सरकतं. गाडी रुंद आणि रुबाबदार दिसते. निव्वळ दिसण्यासाठी ती घालणाऱ्यांना मी एवढंच सांगेन, की घालू नका. आज मला बोलायचं आहे ते आपली रोजची गाडी वर्षातून दोन-चार वेळा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइम्बतूरच्या करी ट्रॅकवर नेणाऱ्यांशी. हेल्मेट घालून, कायदेशीरपणे, मनसोक्त वेगाने गाडी चालवण्याची ती जागा. तिथे चाक निखळलं, तर ते फक्त आपलंच नुकसान करतं असं नाही. वळणावर झेंडा घेऊन उभा असलेला माणूसही कुणाचा तरी मुलगा असतो.

उदाहरण म्हणून आपण फोक्सवॅगन पोलो घेऊ. पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारी ही गाडी आपल्याकडे २०१० ते २०२२ पर्यंत विकली गेली आणि ट्रॅकवर जाणाऱ्यांची ती लाडकी आहे. समजा, मूळ रिम सहा इंच रुंद आणि तिचा ऑफसेट ४० आहे. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. रिमवर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेलं असतं. आता रुंद टायरसाठी आपण सात इंची रिम आणली आणि बाजारात मिळाली ती ४५ ऑफसेटची. कागद-पेन्सिल घेतली तर कळतं, की ही रिम आतल्या बाजूला, म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बरकडे, जवळजवळ १८ मिलिमीटर सरकली आणि बाहेरच्या बाजूला फक्त आठ. आत टायर घासणार असेल, तर ५ मिलिमीटरच्या स्पेसरने ऑफसेट पुन्हा ४० होतो आणि दोन्ही बाजूंची वाढ सारखी, पावणेतेरा मिलिमीटर होते. याला म्हणतात कारण असणं. दुसरं रास्त कारण मोठ्या ब्रेकचं. रिमचे आरे कॅलिपरला लागतात. ते तपासायला घरातली कणीक पुरते. कॅलिपरवर कणकेचा गोळा चिकटवा, चाक दोन बोल्टांवर लावून हाताने फिरवा, काढा आणि उरलेल्या कणकेची जाडी मोजा. तीन मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर जागा अपुरी समजावी.

‘ट्रॅक रुंद केला की गाडी वळणावर चिकटून बसते’ असंही सांगितलं जातं. खोटं नाही, पण हिशोब पाहा. दोन चाकांमधलं अंतर साधारण साडेचौदाशे मिलिमीटर. दोन्हीकडे दहा-दहा मिलिमीटर वाढवले, तर वळणावर बाहेरच्या चाकावर सरकणारा भार जेमतेम सव्वा-दीड टक्क्याने कमी होतो. बदल्यात बेअरिंगवरची तरफ लांबते, स्प्रिंग किंचित मऊ झाल्यासारखी वागते आणि स्टिअरिंगची भूमिती बिघडते. १९७२ च्या ऑडी ८० ने पुढच्या चाकांची अशी मांडणी लोकप्रिय केली, की एका बाजूचा ब्रेक जास्त लागला तरी गाडी आपोआप सरळ राहायला पाहते. चाक बाहेर ढकललं की हा गुण कमी होत जातो. पाऊस पडलेल्या ट्रॅकवर जोरात ब्रेक मारताना तो हवाहवासा वाटतो.

आता मुख्य मुद्दा. पुष्कळांना वाटतं, की गाडीचं वजन बोल्टांवर टांगलेलं असतं. तसं नसतं. बोल्ट चाकाला हबवर दाबून धरतात आणि त्या दाबातून निर्माण होणारं घर्षण भार पेलतं. पोलोचा १४ मिलिमीटरचा बोल्ट १२० न्यूटन-मीटरने आवळायचा असतो. म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला बारा किलोचं वजन टांगण्याइतका जोर. तेवढ्याने प्रत्येक बोल्ट ढोबळमानाने चार टनांचा दाब देतो. मध्ये चकती आली की दाबले जाणारे सांधे एकाचे दोन होतात. त्यांत गंज, रंगाचा थर किंवा वाळूचा कण राहिला, तर ट्रॅकवरच्या उष्णतेने तो बसतो, दाब उतरतो, चाक हबवर कणभर हलू लागतं आणि बोल्ट वाकून-वाकून थकतो. मग तो तुटतो. म्हणून तारेच्या ब्रशने हब लख्ख करायचा. आट्यांना मात्र ग्रीस लावायचं नाही. त्याने पान्यावर आकडा तोच दिसतो आणि बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

पोलोच्या हबच्या मध्यभागी ५७.१ मिलिमीटर व्यासाचा ओठ पुढे आलेला असतो. तो चाकाला बरोबर मध्यावर आणतो. स्पेसरचं भोक याच मापाचं हवं आणि त्याला पुढे स्वतःचा ओठही हवा. पातळ चकत्यांना तो देता येत नाही, म्हणून तीन-पाच मिलिमीटरच्या स्पेसरला निरुपद्रवी समजू नये. हबचा उरलेला ओठ नव्या रिममध्ये खरोखर शिरतो का, हे डोळ्यांनी पाहायचं. ओळखीच्या लेथवाल्याकडून चकती कातून घेण्याची आपल्याकडे हौस आहे. लेथवाल्याच्या हाताबद्दल शंका नाही. पण धातू कोणता, दोन्ही बाजू किती समांतर, याची खात्री कोण देणार? एकावर एक दोन चकत्या तर कधीच नकोत. स्पेसर मुळात वाईटच, असंही मी म्हणणार नाही. पोर्शेसारखी कंपनी काही ९११ गाड्यांसाठी ५ मिलिमीटरचे स्पेसर स्वतःच देत आली आहे, अर्थात योग्य लांबीच्या बोल्टांसकट.

बोल्ट मूळ बोल्टापेक्षा स्पेसरच्या जाडीइतकाच जास्त लांब घ्यावा. तो हाताने फिरवून फेरे मोजा. पोलोच्या आट्यांना किमान साडेसात फेरे बसले पाहिजेत. शिवाय मूळ बोल्टाचं डोकं गोलसर बसणारं असतं, तर बाजारातल्या बऱ्याच रिमना शंकूच्या आकाराचं लागतं. ही अदलाबदल झाली, तर बोल्ट केवळ एका कडेवर टेकतो आणि आवळल्यासारखा नुसता भासतो. पंक्चरवाल्याच्या एअरगनने आवळू देऊ नका. समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच आवळा.

रस्त्याबद्दल थोडंसं. पुण्याहून चेन्नई साधारण बाराशे किलोमीटर आहे आणि गाडी बहुधा स्वतःच्याच चाकांवर जाते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधनं घालतं. तेव्हा विमा कंपनीला आधी लेखी विचारा. सोयीचं म्हणजे मूळ चाकांवर जावं आणि ट्रॅकवर पोचल्यावर बदलावं.

पहिल्या फेऱ्या झाल्या की गाडी उभी करा, हब पूर्ण थंड होऊ द्या आणि प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा. आणि परतीसाठी मूळ चाकं लावाल, तेव्हा लांब बोल्ट वेगळ्या डब्यात टाका. स्पेसरशिवाय ते लावले, तर मागे ब्रेकच्या आतल्या भागांपर्यंत पोचतात आणि चाक हाताने फिरवतानाच खरखर ऐकू येते. ती ऐकू आली, तर तिथेच थांबून डबा उघडावा.