मुक्त सॉफ्टवेअर आणि तडजोडीची मर्यादा

(अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकाच्या परवान्यांचा आपल्या चळवळीशी संबंध काय, असा प्रश्न गेल्या वर्गात विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात आपल्याच कचेरीतील अनुभवाने करू.

२०२१ मध्ये एका जुन्या संगणकावर आम्ही डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवली. सारे जमले, वायफाय मात्र चालेना. त्या भागाला लागणारे फर्मवेअर, म्हणजे यंत्रभागाच्या आतच चालणारा छोटा आज्ञासंच, उत्पादकाने बंदिस्त ठेवले होते, आणि म्हणूनच डेबियनने ते आपल्या अधिकृत संचातून वगळले होते. दोन दिवसांनी कंटाळून कॉम्रेडनी पुन्हा मक्तेदार कंपनीचीच प्रणाली बसवली. तत्त्व शुद्ध राहिले. माणूस मात्र मक्तेदाराच्या दारी परत गेला.

डेबियन कोणा कंपनीची मालमत्ता नाही. १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी सुरू केलेले हे काम जगभरचे स्वयंसेवक चालवतात. १९९७ मध्ये त्यांनी ‘सामाजिक करार’ स्वीकारला आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कसोट्या ठरवल्या : मूळ संहिता उपलब्ध हवी, ती बदलण्याची व वाटण्याची मुभा हवी, आणि कोणतीही व्यक्ती वा कोणतेही कार्यक्षेत्र वगळलेले नसावे. ही शेवटची अट आपल्याला खटकेल. ‘भांडवलदाराने वापरू नये’ असे बजावणारा परवानाही या कसोटीवर अमुक्तच ठरतो. परंतु वगळण्याचा हक्क एकदा मान्य केला, की तो बळवंताच्याच हाती जातो, हा इतिहासाचा धडा आपण विसरू नये.

या कसोट्यांना उतरलेले सॉफ्टवेअर डेबियनच्या मुख्य विभागात जाते. न उतरलेले वेगळ्या, स्पष्ट नाव दिलेल्या विभागात ठेवले जाते. प्रणाली बसवताना मुळात फक्त मुख्य विभाग चालू असे. ही बाब तांत्रिक वाटते, पण तशी ती नाही. बहुसंख्य लोक आधीच ठरवून दिलेली निवड कधी बदलत नाहीत. म्हणून पहिली निवड हेच खरे धोरण होय. बाकीचे पर्याय कागदावर राहतात.

२०२२ मध्ये या धोरणावर सभासदांचे मतदान झाले. जुनी रीत कायम ठेवण्यापासून बंदिस्त फर्मवेअर सामावून घेण्यापर्यंत अनेक प्रस्ताव समोर होते. जो प्रस्ताव जिंकला त्याने सामाजिक करारातच दुरुस्ती केली, आणि अशा दुरुस्तीला तिनास एक असे मताधिक्य लागते. फर्मवेअर अधिकृत संचात आले. पण त्यासाठी स्वतंत्र विभाग झाला, कोणते फर्मवेअर वापरले गेले हे वापरणाऱ्याला कळवायचे ठरले, आणि शक्य तेथे ते नाकारण्याची सोयही ठेवायची ठरली. जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ही व्यवस्था अमलात आली.

ही शरणागती आहे काय? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन डेबियनची शिफारस करीत नाही. अमुक्त विभाग बाळगणे हेच मुळी चूक, असे तिचे म्हणणे आहे. या आक्षेपात तथ्य आहे : आज फर्मवेअरपुरती दिलेली सूट उद्या अन्यत्र मागितली जाईल. परंतु तडजोड आणि शरणागती यांत भेद आहे. तडजोड उघड असते, तिची हद्द आखलेली असते, आणि ती सभासदांच्या मताने होते. शरणागती गुपचूप होते व नंतर तिलाच तत्त्व म्हटले जाते.

केरळच्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर चालते. तेथील प्रणाली उबुंटूवर आधारलेली, आणि उबुंटू डेबियनवर. परवाना तपासण्याचे ते निरस काम अशा रीतीने थेट वर्गखोलीपर्यंत पोचते.

तेव्हा आपल्या कचेऱ्यांतही मुक्त प्रणाली बसवा. एखादा बंदिस्त भाग अपरिहार्य असेल तर तो घ्या. पण त्याची नोंद वहीत करा, आणि पर्याय मिळताच तो काढून टाका. जी तडजोड नोंदलेली नाही, ती कधी मागे घेता येत नाही.