धान आणि कोंडा : अर्थशास्त्राच्या अभ्यासाची नवी साधने



वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा पुण्यास १८७५ साली सुरू झाली. ती सुरू करण्यात ज्यांचा पुढाकार होता ते न्यायमूर्ती रानडे अर्थशास्त्राचेही मोठे अभ्यासक होते. १८९२ साली डेक्कन कॉलेजात त्यांनी या शास्त्रावर जे व्याख्यान दिले त्याचा गाभा असा होता की, इंग्रजी ग्रंथांतील सिद्धांत सर्व देशांना व सर्व काळांना सारखेच लागू पडतात असे समजू नये. आपल्या देशाची स्थिती पाहून ते पारखून घ्यावेत. आजचा माझा विषय त्या उपदेशापासून फार दूर नाही. इंटरनेटच्या महाजालावर अर्थशास्त्र शिकण्याची व शिकविण्याची पुष्कळ साधने आज फुकट मिळतात. त्यांपैकी आपल्या उपयोगाची कोणती, ती कशी शोधावी आणि कशी पारखावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, हा विषय प्राध्यापकांचा. आम्हा गावकऱ्यांना त्याचे काय? पण धानाचा हमीभाव, बँकेच्या व्याजाचा दर, किराण्याची महागाई, मुलाची नोकरी हे सारे अर्थशास्त्रच आहे. आणि या प्रत्येक गोष्टीविषयी रोज आपल्या मोबाइलवर कोणी ना कोणी एखादा आकडा धाडून देतो. तो खरा की खोटा हे ज्याला पाहता येत नाही, त्याचे मत दुसऱ्याच्या हाती जाते. म्हणून हा विषय सर्वांचा आहे.

मराठीत अर्थशास्त्र लिहिण्याची परंपरा जुनी आहे. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ साली निघाले. त्या काळापासून परवापरवापर्यंत अभ्यासकाची अडचण एकच होती : ग्रंथ मिळत नसत. भंडाऱ्यासारख्या गावी राहून सरकारी अहवाल वाचावयाचा तर नागपूर गाठावे लागे, आणि नागपुरास नसला तर मुंबई. आज अडचण नेमकी उलटी आहे. खळ्यावर रास एवढी मोठी पडली आहे की धान कोणते आणि कोंडा कोणता हेच कळेनासे झाले आहे. सुपाचा उपयोग अशा वेळी असतो. या राशीतील चांगल्या धानाच्या चार कणग्या मी आपणांस दाखवितो आणि मग सुपाकडे वळतो.

पहिली कणगी आकड्यांची. महाराष्ट्र शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध करते. ती मराठीत असते व संचालनालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. त्याच खात्याचे जिल्हा कार्यालय ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढते; त्यात आपल्या जिल्ह्याची पिके, सिंचन, शाळा, बँका, कारखाने यांची कोष्टके असतात. जनगणनेची जिल्हा पुस्तिका तर गावागणिक माहिती देते : कोणत्या गावी किती घरे, किती शेतकरी, किती शेतमजूर. रिझर्व्ह बँक देशाच्या व राज्यांच्या आकडेवारीच्या वार्षिक पुस्तिका आणि आकड्यांचे भांडार खुले ठेवते. ‘अॅगमार्कनेट’ या केंद्र सरकारच्या स्थळावर बाजार समित्यांतील रोजची आवक व भाव दिलेले असतात. बाहेरच्या जगाचे आकडे हवे असतील तर जागतिक बँकेने २०१० साली आपले भांडार सर्वांना विनामूल्य खुले केले आहे.

दुसरी कणगी पाठांची. बालभारतीची अकरावी-बारावीची अर्थशास्त्राची मराठी पुस्तके तिच्या स्थळावरून उतरवून घेता येतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या योजनेत, जी २०१७ साली सुरू झाली, महाविद्यालयीन अभ्यासक्रमांची व्याख्याने आहेत. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेने आपले पाठ खुले करण्याचा निर्णय २००१ साली जाहीर केला. ज्यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले त्या अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांचा दारिद्र्याच्या प्रश्नावरील पाठ्यक्रम तेथे घरबसल्या पाहता येतो. ‘कोअर’ नावाच्या गटाचे ‘द इकॉनॉमी’ हे पाठ्यपुस्तकही विनामूल्य आहे. त्याचा विशेष असा की ते विषमता, बेकारी, पर्यावरण अशा डोळ्यांपुढच्या प्रश्नांपासून सुरुवात करते आणि आकृत्या मागाहून काढते.

तिसरी कणगी जुन्या ग्रंथांची. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने, जी १९३० साली स्थापन झाली, आपल्या ग्रंथालयातील हजारो दुर्मिळ पुस्तके व अहवाल महाजालावर ठेवले आहेत. रसेल यांनी संपादिलेले भंडारा जिल्ह्याचे १९०८ चे गॅझेटियरही अभ्यासकाने मुद्दाम शोधून वाचावे. आपले मालगुजारीचे तलाव, धानाची बांधी, कोसा आणि पितळेची भांडी यांच्याविषयी शंभर वर्षांपूर्वी काय लिहिले गेले ते त्यात पाहावयास मिळते.

चौथी कणगी शब्दांची. इंग्रजी पुस्तकातील संज्ञा अडली की मुलगा तेथेच थांबतो. अशा वेळी मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश कामाला येतात. दोन्ही महाजालावर आहेत.

नुसती यादी ऐकून कोणाचे पोट भरत नाही. म्हणून या साधनांचा उपयोग कसा होतो याची दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण धानाच्या हमीभावाचे. खरीप २०२५-२६ साठी केंद्र सरकारने साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरविला. त्याच वेळी असेही सांगितले की, हा भाव उत्पादनखर्चाच्या दीडपट आहे. कोणी टाळ्या वाजविल्या, कोणी हे साफ खोटे असे म्हटले. आपण काय करावे? हमीभावाची शिफारस जो कृषिमूल्य आयोग करतो, त्याचा अहवाल उघडावा. १९६५ साली स्थापन झालेला हा आयोग प्रत्येक हंगामाचा अहवाल प्रसिद्ध करतो व तो कोणालाही वाचता येतो. त्या वर्षी धानाचा खर्च धरला होता १,५७९ रुपये. त्याची दीडपट करा : २,३६८ रुपये ५० पैसे. म्हणजे गणित बरोबर आहे.

पण गणित बरोबर असले म्हणजे वाद संपला असे नव्हे. खर्च म्हणजे कोणता खर्च? या १,५७९ रुपयांत बियाणे, खत, मजुरी असा रोख खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल धरलेले आहे. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज त्यात नाही. ते धरले की खर्चाचा आकडा वाढतो, आणि मग भाव दीडपट राहत नाही. शेतकरी संघटनांची मागणी या दुसऱ्या, व्यापक खर्चावर दीडपट भाव द्यावा अशी आहे. दुसरी गोष्ट, हा खर्च साऱ्या देशाची सरासरी आहे. अहवालात राज्यवार कोष्टके असतात. ती पाहिली तर महाराष्ट्रातील धानाचा खर्च पंजाबपेक्षा पुष्कळ जास्त दिसतो. खात्रीच्या सिंचनावर दर एकरी भरघोस पीक काढणारा पंजाबचा शेतकरी आणि मामा तलावाच्या तळाशी किती पाणी उरले हे पाहत बसणारा आपला शेतकरी, या दोघांना भाव एकच मिळतो. सरकारचा आकडा खोटा नाही आणि आपल्या शेतकऱ्याची तक्रारही खोटी नाही. दोघे एकाच शब्दाने दोन वेगळ्या वस्तू दाखवीत आहेत. एवढे ज्या विद्यार्थ्याला अहवाल उघडून समजले, त्याला ‘उत्पादनखर्च’ ही संज्ञा जन्मभर विसरणार नाही.

दुसरे उदाहरण डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे. १९५४ साली भंडाऱ्याच्या मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली व तीत त्यांचा पराभव झाला, हे आपणांस ठाऊक आहेच. त्याच पोटनिवडणुकीत येथून निवडून आलेले अशोक मेहता पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. घटनाकार म्हणून बाबासाहेबांना आपण सारे ओळखतो; परंतु रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, याची आठवण थोड्यांना असते. त्यांचे लेखन व भाषणे महाराष्ट्र शासनाने खंडशः छापली, आणि ते खंड आता महाजालावर विनामूल्य आहेत. पहिल्या खंडात १९१८ सालचा एक निबंध आहे. विषय आहे हिंदुस्थानातील लहान शेती आणि तीवरील उपाय.

त्या वेळी सर्वांचे म्हणणे असे की शेते लहान म्हणून शेती बुडीत. तेव्हा तुकडे जोडा. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? नुसत्या एकरांवरून शेत लहान की मोठे हे ठरत नाही. त्यावर किती भांडवल आहे आणि किती माणसे राबतात, या प्रमाणावरून ते ठरते. बैल, अवजारे, पाणी नाही. आणि काम नसलेले हात मात्र पुष्कळ आहेत. हे रिकामे हात जमिनीवरून उचलून उद्योगधंद्यांत नेल्याखेरीज शेताचा प्रश्न सुटणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता हा निबंध वाचून विद्यार्थ्याने शेतीगणनेचे कोष्टक उघडावे. देशातील सरासरी खातेदारी १९७०-७१ साली २.२८ हेक्टर होती. २०१५-१६ साली ती १.०८ हेक्टरवर आली. मग जनगणनेच्या पुस्तिकेत आपल्याच गावी शेतकरी किती व शेतमजूर किती ते पाहावे, आणि त्यांतले किती जण वर्षातून किती दिवस रिकामे असतात हे स्वतः फिरून विचारावे. शंभर वर्षांपूर्वीचा निबंध, देशाचे कोष्टक आणि आपले गाव ही तीन पाने एकत्र शिवली की त्याचा अर्थशास्त्राचा ग्रंथ होतो. त्याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

आता सुपाविषयी. कोणताही आकडा समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, मोजले कोणी? मूळ अहवालाचे नाव ज्याच्याबरोबर नाही, तो आकडा निनावी पत्रासारखा समजावा.

दुसरा, मोजले कसे? बाजारभावाच्या कोष्टकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. तुमसरच्या बाजारात एखाद्या शेतकऱ्याच्या दोन पोत्यांना कमाल भाव मिळाला म्हणून सर्वांना तो मिळाला असे होत नाही. जास्तीत जास्त माल ज्या भावाने विकला गेला तो सर्वसाधारण भाव, पाहावयाचा तो.

तिसरा, मोजले केव्हा? २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४ होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही; पुढची २०२७ साठी जाहीर झालेली आहे. तेव्हा मधल्या वर्षांचा जो आकडा कोणी सांगेल तो अंदाज आहे, मोजणी नव्हे. तुलना करतानाही सावध असावे. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तत्पूर्वीचा भंडारा जिल्हा आणि आजचा भंडारा जिल्हा हे एक नव्हेत. हे न ओळखता जो दोन्ही आकडे शेजारी मांडील तो धानाचे पीक एकाएकी निम्म्यावर आले असे म्हणून छाती पिटील! राष्ट्रीय उत्पन्नाचेही तसेच. २०१५ च्या जानेवारीत त्याचे आधारवर्ष २००४-०५ ऐवजी २०११-१२ करण्यात आले, तेव्हा विकासाचे दरही बदलले. मोजपट्टी बदलली हे ज्याला कळले नाही, त्याला कापड वाढल्यासारखे वाटते.

अलीकडे प्रश्न विचारताच मराठीत उत्तर लिहून देणारी यंत्रेही निघाली आहेत. समजावून सांगण्याच्या कामी ती बरी आहेत. पण आकड्याच्या बाबतीत त्यांच्यावर विसंबू नये. कधी कधी ती असा आकडा ठासून सांगतात की जो कोणत्याच अहवालात नसतो. यंत्राला रागवून उपयोग नाही. तेच तीन प्रश्न त्यालाही विचारावेत.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. ही साधने बहुतेक इंग्रजीत आहेत. जिल्ह्याच्या खेड्यांतून येणारा मुलगा एमआयटीचे व्याख्यान लावील आणि पाच मिनिटांत बंद करील. तो दोष त्याच्या बुद्धीचा नव्हे. इंग्रजी नदीवर मराठी घाट बांधण्याचे काम शिक्षकाचे आहे, आणि ते कोणतेही यंत्र त्याच्याकरिता करणार नाही. आठवड्यास एक कोष्टक निवडा, फळ्यावर मराठीत लिहा आणि त्याखाली एकच प्रश्न लिहा. तुमसर बाजार समितीचे धानाचे भाव वर्षभर वर्गाकडून वहीत उतरवून घ्या. काढणीनंतर भाव का उतरतात आणि पुढे का चढतात, हे मागणी-पुरवठ्याच्या आकृतीपेक्षा ती वही चांगले शिकवील. वर्गात सर्वांपाशी मोबाइल नसेल तर एक छापील प्रत पुरते.

आणि नागरिकांना अशी विनंती की, वाचनालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल मांडावे. त्यावर जिल्ह्याचे समालोचन, आर्थिक पाहणी आणि कृषिमूल्य आयोगाचा चालू अहवाल छापून ठेवावा. महाजालावरील पाने आज असतात आणि उद्या नाहीशी होतात. छापलेली प्रत हाती राहते. महिन्यातून एक संध्याकाळ शेतकरी, व्यापारी, शिक्षक व विद्यार्थी त्या टेबलाभोवती बसले, आणि एकाच आकड्याचा कीस पाडून उठले, तर हमीभावाच्या सभेत या जिल्ह्याचा माणूस दुसऱ्याने लिहून दिलेली घोषणा न देता हातात कोष्टक घेऊन उभा राहील. त्याचे म्हणणे मान्य होईल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण ते ऐकून घ्यावे मात्र लागेल.