सत्कारानंतर काय?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आत्ताच दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार झाला. फुले दिली, वह्या दिल्या, टाळ्या वाजल्या. चांगले झाले. ही प्रथा चालू राहिलीच पाहिजे. पण हे पोरगं आता घरी जाईल, तेव्हा उद्या सकाळी कुठल्या ऑफिसात, कुठला कागद घेऊन जायचे, हे त्याला सांगणारा घरात कोण आहे? आम्हाला बोलायचे आहे ते एवढ्याचविषयी.

बाबासाहेब शाळेत असताना परीक्षा पास झाले, म्हणून समाजाच्या लोकांनी सभा घेऊन त्यांचा सत्कार केला. केळुसकर गुरुजी त्या सभेला होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात दिले. हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण पुढचे लक्षात घ्या. कॉलेजचा खर्च रामजीबाबांना झेपेना, तेव्हा याच केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बुद्धी बाबासाहेबांची, रात्रंदिवस अभ्यास बाबासाहेबांचा, त्यात शंका नाही. पण कुठल्या दारावर कधी थाप मारायची हे माहीत असलेला एक माणूस पाठीशी उभा राहिला. आजकाल ज्याला करिअर गायडन्स म्हणतात, ते दुसरे काय आहे?

ज्या घरात आजोबा वकील, काका इंजिनीयर, मावशी बँकेत, तिथे हे ज्ञान जेवताना मिळते. मुलगा आठवीत असतानाच कोणीतरी बोलून जाते की, इंजिनीयर व्हायचे तर अकरावीला गणित सोडू नकोस. आपल्याकडे पोरगी बारावी झाल्यावर तिला हे कळते. मार्क असून रस्ता बंद. मग लोक म्हणतात, यांच्या मुलांत पाणी नाही. पाणी आहे हो, पाट नाही!

आम्ही गिरणी कामगार, म्हणून गिरणीचे सांगतो. एकेकाळी गिरणगावात वाट सरळ होती. बाप, चुलता, गाववाला जॉबरला सांगायचा, पोरगा बदलीत लागायचा. पण ओळखीने उघडणारे दार सगळ्यांना सारखे उघडत नाही. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला मज्जाव. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि बाकीच्यांना विटाळ व्हायचा. आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि बापाच्या ओळखीने जाण्याची ती वाटही संपली. आज विणकाम खात्याच्या दारावर कोणी उभे नाही. आज दार बंद होते ते फॉर्मची तारीख टळल्याने.

पहिली अडचण कागदाची. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपण कोकणातून, घाटावरून आलेली माणसे. त्यामुळे पुष्कळांना दाखल्यासाठी गावच्या तालुक्याला जावे लागते. आजोबा शाळेत गेले असतील तर त्यांच्या शाळेचा उतारा काढा. गेले नसतील तर जन्म-मृत्यूची जुनी नोंद, कोतवाल बुक शोधा. हे काम निकालानंतरच्या आठ दिवसांत होत नाही. पोरगं नववीत गेले की सुरू करा.

दुसरी अडचण इतिहासाची. १९५६ ला आपण धम्म स्वीकारला. महाराष्ट्राने १९६० मध्ये बौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्रात अनुसूचित जातीचा हक्क मिळाला तो १९९० च्या दुरुस्तीनंतर. ज्यांनी अभिमानाने कागदावर बौद्ध लिहिले, ते रेल्वे, पोस्ट, बँकेतल्या राखीव जागांना मुकले. त्या नोकऱ्यांची माहिती सांगणारा बाप किंवा काका आज बऱ्याच घरांत नाही, त्याचे हेही एक कारण.

तिसरी गोष्ट कडू आहे. महापालिकेच्या सफाई खात्यात वारसा हक्काने नोकरी लागते. त्या नोकरीने कितीतरी चुली पेटत्या ठेवल्या. तिला कमी लेखणारे आम्ही नाही. पण बी.ए. झालेला मुलगा बापाचा झाडू हातात घेतो, कारण आयुष्यात तेवढा एकच फॉर्म कोणीतरी त्याला आणून दिला. तो कष्टाला भीत नाही, पण निवड करायची संधीच त्याला मिळाली नाही. दुसरा मुलगा पाठीवर पेटी बांधून मोटारसायकलवर जेवण पोहोचवतो. काम आले तर पैसे, नाही तर नाही. आमच्या बदली कामगाराचेच हे नवे रूप.

वाटा नाहीत असे नाही. दहावीनंतर आयटीआय आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर दोन वर्षांचे. नंतर कारखान्यात, रेल्वेत अप्रेंटिस होता येते, शिकताना विद्यावेतन मिळते. आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, म्हणजे शिक्षण तिथे संपत नाही. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४४ ला सुरू झाली. आज तिचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. उत्पन्न मर्यादेच्या वर गेले तर फ्रीशिप आहे. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याची बार्टी प्रशिक्षण देते. आणि आयांनो, हे सगळे मुलींनाही आहे. वायरमनचे काम पोरींना जमत नाही असे कुठल्याही कायद्यात लिहिलेले नाही.

म्हणून विहार कमिटीपुढे आमची मागणी अशी. दर रविवारी वंदना झाली की दोन तास विहार उघडा ठेवा. एक वही करा. एका बाजूला वस्तीतल्या नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, कागद कुठवर आले ते. दुसऱ्या बाजूला वस्तीत नोकरीला लागलेल्या प्रत्येकाचे नाव. नर्स असो, लाईनमन असो, बँकेतला कारकून असो. त्याने महिन्यातून एक रविवार यायचे आणि आपण कसे लागलो तेवढेच सांगायचे. मोठे भाषण नको. आणि ज्या मुलाचे कोणी नाही, त्याच्याबरोबर पहिल्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात एक माणूस जाऊ दे. खिडकीपाशी एकट्या पोराला 'उद्या ये' म्हणतात. बरोबर मोठे माणूस असले की तोच कागद लगेच घेतात.

याला पैसा फार लागत नाही, वेळ लागतो. पुढे गेलेल्याने मागे वळून हात द्यायचा, दान म्हणजे नुसती पावती नव्हे. पुढच्या वर्धापन दिनी नुसते मार्क वाचू नका. गेल्या वर्षी सत्कार झालेली मुले आज कुठे आहेत, हे त्या वहीतून वाचून दाखवा. वही ठेवायला कोणी पुढे येत नसेल तर आमचे नाव लिहा. येत्या रविवारपासून आम्ही इथे बसतो.

जयभीम! नमो बुद्धाय!