दुपारच्या शिबिराआधी दोन शब्द



दुपारी आपल्याच हॉलमध्ये रक्तदान आहे, म्हणून रक्तपेढीतल्या माणसाच्या हाती माइक आला. एरवी शाळेत मला भाषणाला कुणी उभं केलं नव्हतं.

एक दाता आठवतो. वर्षानुवर्षं रक्त देणारा, ठणठणीत, दर वेळी कावीळ ‘ब’ निगेटिव्ह. आम्ही नॅट चाचणी सुरू केली आणि त्याच्या रक्तात विषाणूचा डीएनए सापडला. नेहमीची चाचणी विषाणूच्या आवरणातलं प्रथिन शोधते. काहींच्या यकृतात विषाणू दबा धरून असतो, पण रक्तात ते प्रथिन सापडतच नाही. तो म्हणाला, ‘‘साहेब, मग माझ्या आधीच्या बाटल्या कुणाला गेल्या?’’ आम्ही जुनी रजिस्टरं काढली. काही रुग्णांचा पत्ता लागला, काहींचा नाही.

नॅट महाग, देशभर सक्तीची नाही. आणि अगदी थोडा विषाणू तिच्याही हातून निसटतो. तेव्हा फॉर्म भरताना शेजारी जुना बाकसोबती डोकावत असला, तरी पूर्वीची कावीळ, अलीकडचं गोंदण, सगळं खरं लिहा. लिहायला संकोच वाटला तर सरळ चहाच्या टेबलाकडे या. मी तिथेच असेन, कारण विचारणार नाही.